वाड्यातल्या कुणबिणी, जात्यावरची जनी

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांनी काकाला मारलेली हाक पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या दिवशी एकूण अकरा माणसं मारली गेली आणि त्यांत दोन दासी होत्या. त्यांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नाहीत.

पेशवाईत अशा बायकांना कुणबिणी म्हणत. कुणी दुष्काळात विकलेली, कुणी बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा केलेली. वाड्यात, कोठीत, पागेत त्या राबत. पोटच्या पोरांवरही धन्याचाच हक्क. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्यांची खरेदी, किंमत, अन्नवस्त्र सारं नोंदलेलं आहे. नाही ते त्यांचं बोलणं. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढली, १८६० च्या दंडसंहितेने ती गुन्हा ठरवली, तोवर किती पिढ्या तशाच सरल्या.

मराठीत दासीचा आवाज ऐकायचा तर पेशवाईहून चार शतकं मागे, पंढरपूरला जावं लागतं. गंगाखेडची जनी विकत घेतलेली नव्हती. परंपरा सांगते की बापाने तिला पोरवयात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी सोपवलं आणि जन्मभर ती तिथेच राबली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या ही तिची रोजची कामं आणि तिच्या अभंगांचा ऐवजही तोच. विठ्ठल येतो तो जात्याच्या खुंट्याला हात लावायला, तिच्या डोक्यातल्या उवा काढायला. आपण तिला संत केलं आणि हे सारं भक्तीचं रूपक म्हणून वाचलं. मला ते पटत नाही. दिवसभर दळून खांदे भरून आलेल्या बाईला पहिल्यांदा हवा असतो तो दुसरा हात, आणि तो जनीने थेट देवाकडे मागितला.

हे कळलं ते दळणाऱ्या बायांना. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वात्वाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे अकराशेहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमल्या. त्यांत जनी वारंवार भेटते, ती देव्हाऱ्यातली नव्हे, तर शेजारी बसून दळणारी. २०१७ पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात, आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गावही असतं.