गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी एक दिवस घारापुरीला जाऊन या



जपानमध्ये नाओशिमा नावाचं एक छोटं बेट आहे. वस्ती साधारण तीन हजार. पूर्वी तिथे मासेमारी आणि १९१७ पासूनचा तांबं वितळवण्याचा कारखाना, एवढंच होतं. आज जगभरातले लोक फेरी बोटीने तिथे जातात आणि दिवसभर पायी किंवा सायकलवर कला बघत फिरतात. धक्क्याच्या टोकाला यायोई कुसामा यांचा ठिपक्यांचा पिवळा भोपळा आहे. २०२१ च्या वादळात तो समुद्रात वाहून गेला, २०२२ मध्ये पुन्हा बसवला. तादाओ आंदो यांनी जवळजवळ पूर्ण जमिनीखाली बांधलेलं म्युझियमही तिथेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आमचं दिंडोशीत दहा बाय बाराच्या गाळ्याचं बोलणं चाललंय. जपानचं काय घेऊन बसलात?"

बरोबर आहे. जपानला जायची गरजच नाही. कलेसाठी जगात नाव असलेलं बेट आपल्याही समुद्रात आहे. त्याचं नाव घारापुरी. माझ्या बॅचमधल्या प्रत्येकाला मी सांगते, गाळा फायनल करण्याआधी एक दिवस तिथे घालवा. लेणी तर बघाच, पण बाजारही बघा.

जायचं कसं?

मालाड किंवा गोरेगावहून चर्चगेट लोकल, तिथून बस किंवा टॅक्सीने गेटवे. सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुरू होतात, साधारण तासाभरात बेट येतं. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी ट्रेन आहे आणि पुढे १२० पायऱ्या.

आधी लेणी नीट बघा. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेलं हे काम आहे. सुमारे २० फुटी त्रिमूर्तीसमोर थोडं थांबा, मग अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वती विवाह, अंधकासुर वध बघा. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. गंमत म्हणजे ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. हत्ती गेला, नाव राहिलं. ब्रँड म्हणतात तो हाच.

आता वही काढा.

१. चढणारा कस्टमर वेगळा, उतरणारा वेगळा

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना स्टॉल आहेत. टोप्या, माळा, दगडी मूर्ती, कैरी, मका, सरबत. चढणारा माणूस बघा. त्याला लेणी गाठायची घाई असते. पाणी घेईल, ऊन असेल तर टोपी घेईल, पण मूर्तीकडे बघणार नाही, कारण ती घेऊन वर कोण चढणार? तोच माणूस दोन तासांनी उतरतो तेव्हा थकलेला असतो, भुकेला असतो, पण मोकळा असतो. आता तो थांबतो आणि वस्तू हातात घेऊन बघतो. माणूस तोच, रस्ता तोच, पण गरज बदलली.

२. घड्याळ धंदा ठरवतं

संध्याकाळी शेवटची लाँच सुटली की पर्यटक संपले, कारण त्यांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. वर्षाचे ५२ सोमवार गेले. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, तेही दिवस गेले. म्हणजे ३६५ दिवसांचं घर जेमतेम ३०० दिवसांच्या गल्ल्यावर चालवायचं. तुम्ही मात्र दुकानाचा हिशोब करताना रोजचा सेल गुणिले ३० करता. भाडं ३० दिवसांचं असतं, सेल कधीच नसतो.

३. एक सोय आली की विकायचा माल बदलतो

समुद्राखालून केबल टाकून घारापुरीच्या गावांत कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. गेटवेचा झगमगाट समोर दिसतो, आणि इथे तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर! घरात फ्रीज चालत नसेल तर थंड पेय, आइस्क्रीम, ताजी मासळी यांचा धंदा किती अवघड, विचार करा. वीज आली तशी यादी लांबली. तुमच्या एरियात काय नवीन येतंय? मेट्रो, शाळा, दवाखाना, टॉवर? तुमचा उद्याचा माल तिथून ठरणार आहे.

४. कला माणूस आणते, खरेदी तुम्हाला करून घ्यावी लागते

दहा स्टॉल बघितले तर आठ ठिकाणी जवळपास तोच माल. त्यातला बराचसा कुलाब्याच्या फूटपाथवरही मिळेल. मग कस्टमर काय करतो? भाव पाडतो. वस्तू सारखी असेल तर बोलायला भावाशिवाय काही उरत नाही.

इथे नाओशिमाकडे बघा. १९९८ पासून तिथे गावातली जुनी घरं एकेक करून कलाकारांच्या हाती दिली गेली. पाहुण्याला ती बघायला गल्लीबोळांतून चालावं लागतं. वाटेत चहाचं दुकान लागतं, खाणावळ लागते. २००९ मध्ये तर एका कलाकाराने चक्क सार्वजनिक न्हाणीघर सजवलं, आणि लोक तिथे पैसे देऊन अंघोळ करतात! पाहुणा गावात फिरला की पैसाही गावात फिरतो.

घारापुरीत राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत. पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध लेणीही आहेत. पण बहुतेक पाहुणे धक्का, पायऱ्या, लेणी, धक्का एवढंच करतात. त्यामुळे सगळी स्पर्धा त्या १२० पायऱ्यांवर. तिथे एखाद्या ताईने घरचं जेवण देऊन सोबत गाव फिरवून आणलं, तर तिच्याशी भावाची घासाघीस कोण करेल?

आता दिंडोशीत परत या

पुढच्या आठवड्यात तीन दिवस द्या. एक सोमवार, एक बुधवार, एक रविवार. मेट्रो स्टेशन, बस डेपो किंवा फिल्म सिटी रोड, जिथे गाळा बघताय तिथे समोर उभे राहा. सकाळी ८ ते १०, दुपारी १ ते २, संध्याकाळी ६ ते ९. वहीत चार गोष्टी लिहा:

- किती माणसं गेली?
- हात रिकामे होते की पिशव्यांनी भरलेले?
- गाळा घरी परतण्याच्या बाजूला आहे की कामाला जाण्याच्या?
- आजूबाजूच्या पाच दुकानांत कुठला माल सारखाच आहे?

सकाळी स्टेशनकडे पळणारा माणूस म्हणजे पायऱ्या चढणारा. त्याला दोन मिनिटांत मिळणारी वस्तू हवी. संध्याकाळी परतणारा म्हणजे उतरणारा. त्याच्याकडे वेळ आहे, भूक आहे, आणि मुलांनी सांगितलेली यादी आहे. भेटवस्तूंचं दुकान सकाळच्या बाजूला असेल, तर गर्दी कितीही दिसू दे, ती काचेतून बघून पुढे जाईल.

डिपॉझिटचे पैसे कुठून येतात हे मला माहीत आहे. आईची एफडी, बायकोचे दागिने, नाहीतर नोकरी सोडताना मिळालेला पीएफ. एजंट म्हणेल, "मॅडम, आज टोकन द्या, उद्या गाळा जाईल." जाऊ दे. गाळा दुसरा मिळेल. तीन दिवसांची वही भरल्याशिवाय चेकवर सही करायची नाही.

आणि सोमवारी निघू नका, लेणी बंद असतात!