स्वादुपिंडाची शटर-वेळ

रात्री साडेदहाला आपण ताटावर बसतो, भातावर वरण ओततो, तेव्हा स्वादुपिंडाने शटर अर्ध्यावर ओढलेलं असतं. ते ओढायला सांगणारं संप्रेरक म्हणजे मेलाटोनिन.

अंधार पडला की मेंदूतली इवलीशी पिनियल ग्रंथी ते रक्तात सोडू लागते. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळं काढलं. पुढे त्याची ओळख झाली ती झोपेशी. साखरेशी असलेलं नातं ठळक झालं २००९ मध्ये. मेलाटोनिनचा निरोप झेलणारा एक ग्राहक-रेणू स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरही असतो. त्याच्या जनुकातला एक बदल असलेल्यांची उपाशीपोटीची साखर थोडी चढी असते आणि त्यांना टाइप २ मधुमेहाचा धोकाही जास्त असतो, असं त्या वर्षी दिसून आलं.

मेलाटोनिन या ग्राहकाला चिकटलं की बीटा पेशी इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतात. रात्री पोट रिकामं असेल तर हे सोयीचंच. यकृत साठ्यातली साखर हळूहळू रक्तात सोडतं आणि मेंदूचं भागतं. पण ऐन तेव्हाच भात पोटात गेला तर?

स्पेनमध्ये रात्री उशिरा जेवायची रीतच आहे. तिथल्या मुर्सियात ८४५ जणांना एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा जेमतेम तासभर आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं. पाणी तेच, माणसंही तीच. उशिराच्या वेळी रक्तातलं मेलाटोनिन सुमारे साडेतीनपट होतं, इन्सुलिन कमी आणि साखर जास्त. जनुकातला तो बदल असलेल्यांना फटका अधिक बसला. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून मेलाटोनिनला खलनायक ठरवू नका. अमेरिकी परिचारिकांच्या २०१३ मधल्या अभ्यासात रात्रीचं मेलाटोनिन सर्वांत कमी असणाऱ्यांना मधुमेहाचा धोका, ते सर्वाधिक असणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून जास्त आढळला. मेलाटोनिन हवंच, फक्त ते आणि जेवण एकाच वेळी नको.

तेव्हा जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, निजताना दिवे आणि मोबाइल बंद करा. मधुमेह असेल तर मेलाटोनिनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.