पोलादाचा अंगरखा, काचेचा अंगरखा

मोटारीचे दोन भाग असतात, हे आता लोक विसरून गेले आहेत. आजची गाडी कारखान्यातून एकजीव होऊनच बाहेर पडते. तिचा सांगाडा कुठे संपला आणि पत्रा कुठे सुरू झाला हे सांगणे कठीण. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. खाली चासी, म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर बसवलेले इंजिन आणि चाके. आणि वर बोल्टांनी आवळलेली बॉडी. देह निराळा, अंगरखा निराळा. इंदूरकरांना हे फोडून सांगायला नको. महाराज यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात जी ड्यूसेनबर्ग गाडी करवून घेतली, तिची चासी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यातली. देह एका खंडातला, अंगरखा दुसऱ्या खंडातला, आणि दोहोंची गाठ महाराजांच्या हौसेने मारलेली.

राजेरजवाड्यांनी जे पैशाच्या बळावर केले, तेच अमेरिकेतल्या गरीब पोरांनी हातोडी, करवत आणि वेल्डिंगच्या बळावर केले. त्यांच्या हौसेचे नाव हॉट रॉड. मोडीत निघालेली फोर्ड गाडी पाचपन्नास डॉलरांत घ्यायची, मडगार्ड उतरवायचे, बॉनेट काढून टाकायचे, इंजिनाला खतपाणी घालून त्याचा जोर वाढवायचा आणि कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक किंवा एल मिराज या आटलेल्या तळ्यांच्या सपाट भुईवर ती भन्नाट सोडायची, असा हा खेळ. १९३७ साली या मंडळींनी वेग मोजण्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. महायुद्ध संपल्यावर खेळाला भरती आली. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले आणि १९४९ पासून बोनव्हिलच्या खारट मैदानावर वेगाचा आठवडा साजरा होऊ लागला.

या सगळ्या पसाऱ्यात मानाचे पान १९३२ च्या फोर्डला. हेन्री फोर्डने त्या साली आठ सिलिंडरांचे व्ही-आठ इंजिन पहिल्यांदा सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. ताकद ६५ अश्वशक्ती. पण नुसत्या इंजिनाने हे भाग्य लाभत नाही. त्या गाडीची घडणच अशी, की मडगार्ड काढले तरी ती उघडीबोडकी दिसत नाही. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटात जी पिवळी गाडी रस्त्यावर मिरवते ती हीच, १९३२ ची फोर्ड कूपे.

आता अडचण येते ती साधी आहे. १९३२ साल एकदाच आले. त्या साली जेवढ्या बॉड्या झाल्या तेवढ्याच. त्यांतल्या कित्येक १९४२ नंतर युद्धाच्या भंगारमोहिमेत वितळल्या, कित्येक शेतांच्या कोपऱ्यांत सडल्या, आणि उरल्या त्यांतल्या पुष्कळ या खेळातच चेपल्या. हौस करणारे वाढत गेले आणि बॉड्या घटत गेल्या. अशा वेळी काचेचा अंगरखा पुढे आला.

फायबरग्लास म्हणजे केसासारखे बारीक काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे पॉलिएस्टर रेझीन, ही एक प्रकारची कृत्रिम राळ. साच्याला आतून मेण लावायचे, त्यावर रंगाचा पातळ थर द्यायचा, मग तंतूंची चटई अंथरून राळेने भिजवायची, लाटणीने हवा काढायची, पुन्हा चटई, पुन्हा राळ. सुकल्यावर साच्यातून बॉडी अलगद निघते. आपल्याकडे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात, त्याचीच ही बहीण. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा गृहस्थ या पद्धतीने होड्या करीत होता. १९५१ साली त्याने मोटारीची बॉडी केली. १९५३ मध्ये खुद्द शेवरोलेने कॉर्व्हेट काढली. पहिल्या वर्षी ३०० गाड्या, सगळ्या फायबरग्लासच्या. पुढे छोट्या कारखान्यांनी जुन्या फोर्डच्या बॉडीवरून साचे घेतले, आणि ज्याला १९३२ चे पोलाद मिळत नव्हते त्याला १९३२ चा आकार मिळू लागला.

मिळू लागला आणि भांडणही सुरू झाले. पोलादवाले आपल्या बॉडीला अभिमानाने ‘हेन्रीचे पोलाद’ म्हणतात. काचवाल्यांकडे ते जरा वरूनच पाहतात. पिढीजात वाड्यात राहणाऱ्याने भाडेकरूकडे पाहावे तसे.

हा तंटा माझ्यापर्यंत पोहोचला तो माझ्या भाच्यामुळे. तो सॅन होझेला असतो आणि त्याच्या गॅरेजात गेली दोन वर्षे एक चासी बॉडीविना उभी आहे. त्याच्यापुढे दोन पर्याय होते: एका शेतावरची, खालून गंजलेली खरी १९३२ ची बॉडी, किंवा तेवढ्याच पैशांत साच्यातून निघालेली नवीकोरी फायबरग्लासची. “मामा, तुम्ही मोटारींत आयुष्य घातलंत. सांगा, काय घेऊ?” मी त्याला जे सांगितले ते इथे मांडतो, कारण प्रश्न केवळ मोटारीचा नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. काच हलकी म्हणून गाडी पळते, असे सगळे धरून चालतात. हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा भरतो जवळजवळ आठ किलो. फायबरग्लासचे वजन त्याच आकारमानाला पोलादाच्या पंचमांश, हे खरे. पण अंगात दम यावा म्हणून तो पाच मिलिमीटर जाड करावा लागतो. मग त्याच तुकड्याचे वजन झाले साडेसात किलो. शिवाय आतून लाकडाचा किंवा पोलादी नळ्यांचा सांगाडा द्यावा लागतो तो वेगळाच. तेव्हा जी बॉडी फारच हलकी लागेल ती पातळ आहे, असे खुशाल समजावे. हलकेपणासाठी काच घेणाऱ्याने पुन्हा विचार करावा.

काचेचे खरे गुण निराळे. ती गंजत नाही. तिचा खडखडाट कमी. उंच माणसासाठी दोनचार इंच लांब केलेली, छप्पर आधीच ठेंगणे केलेली अशी बॉडी तयार मिळते. पोलादात हेच करायचे तर खांब कापून पुन्हा जोडणारा कसबी हात हवा. दोषही तिचे स्वतःचे. साच्यातून ताजी निघालेली बॉडी आणखी काही दिवस आकसत असते. घाई करून रंग दिला तर पुढे उन्हात आतल्या तंतूंची वीण वर उमटते. उन्हाने ती पोलादाच्या दुपटीहून अधिक पसरते, म्हणून दाराच्या फटी हिशेबाने ठेवाव्या लागतात. बिजागरी नुसत्या काचेत धरत नाही, आत पोलादी पट्टी गाडावी लागते; नाहीतर वर्षभरात दार लोंबते. वीजही तिच्यातून वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत परतीची स्वतंत्र तार ओढावी लागते. धडक बसली तर पोलाद चेपते, दुमडते, काच तडकते. आणि आग लागली तर राळ काळा धूर ओकत जळते. एवढे ध्यानात धरूनच ती घ्यावी.

पोलादाची गोष्ट वेगळी. चेपलेला पत्रा ठोकून परत आणता येतो, कापता येतो, जोडता येतो. चूक झाली तर तो ती दुरुस्त करू देतो. पण त्याचा शत्रू त्याच्या पोटातच असतो. या जुन्या बॉड्या नेहमी खालून सडतात: दाराची खालची कड, पुढच्या पडद्याचे पाय, आणि बॉडी ज्या पट्ट्यांवर चासीला बसते त्या पट्ट्या. वरून चकचकीत रंग दिसावा आणि खाली पुट्टीची बोटभर जाड थापी निघावी, हे नित्याचे. तिथे चुंबक घेऊन जावे. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पोलाद उरलेले नाही. गंज काढण्यासाठी वाळूचा मारा जपून करावा लागतो. रुंद सपाट पत्रा त्याने असा वाकतो की पुन्हा सरळ होत नाही. मग नवे तुकडे कापून बसवणे, वेल्डिंग, वेल्डिंगने ओढलेला पत्रा ठोकून समपातळीत आणणे. जुने कारागीर सांधे शिशाच्या डाखाने भरीत. या कामाचे पैसे बॉडीच्या किमतीहून अधिक होतात, आणि ते किती होतील हे गंज खरवडून झाल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

मला खरे कुतूहल वाटले ते इथे. भाच्याला सापडलेल्या बॉडीचा खालचा सगळा घेर बदलावा लागणार होता. दारांचे अर्धे पत्रे नवे, तळ नवा, पट्ट्या नव्या. मी त्याला विचारले, “इतके केल्यावर हेन्रीचे किती उरले?” याच्या पुढची मौज अशी, की आता ओहायोतल्या ब्रुकव्हिलसारख्या ठिकाणी १९३२ ची संपूर्ण बॉडी नव्या पोलादात दाबून मिळते. तिला चुंबक सगळीकडे धरते. पण हेन्री फोर्ड १९४७ सालीच वारला. ही नवी पोलादी बॉडी जर खरी, तर काचेची खोटी कशी? दोघींचे वय सारखेच. फरक धातूचा आहे, कुळाचा नाही.

आणि कुळाचाच प्रश्न काढायचा तर फोर्डनेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९३२ च्या गाडीचा क्रमांक त्यांनी बॉडीवर ठोकला नव्हता. तो ठोकला चासीच्या चौकटीवर. म्हणजे कारखान्याच्या लेखी गाडी ती, जी खाली होती. अंगरखा बदलला म्हणून माणूस बदलत नाही.

यावर पोलादवाले म्हणतील की मग जुन्याला काही किंमतच नाही काय? आहे, आणि मोठी आहे. १९९७ साली पेबल बीचच्या नामांकित प्रदर्शनात हॉट रॉडना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला. एके काळी भंगार म्हणून हिणवलेल्या गाड्या राजांच्या गाड्यांच्या पंगतीला बसल्या. हा मान त्या त्या काळात, त्या त्या हातांनी कापलेल्या पोलादाचा आहे. त्या करवतीच्या खुणांना आता इतिहासाचे मोल आले आहे. म्हणूनच धडधाकट राहिलेली जुनी गाडी आज कापायला घेणे मला पाप वाटते. पूर्वी ती कापली गेली तेव्हा तिच्यासारख्या पुष्कळ होत्या. आता नाहीत. काचेच्या प्रत्येक बॉडीने एखादी जुनी बॉडी करवतीपासून वाचवली असेल, तर हेन्रीच्या पोलादाचा कैवार घेणाऱ्यांनीच काचवाल्यांना दुवा द्यायला हवा.

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे, तो लपवाछपवीला. काचेवर रंग चढवून ती पोलाद म्हणून विकणारे आहेत, आणि नवे पोलाद जुने म्हणून खपवणारेही आहेत. दुसरे पहिल्याहून वाईट, कारण तिथे चुंबकही साक्ष देत नाही. कॅलिफोर्नियात घरी जुळवलेल्या गाड्यांसाठी दरवर्षी ५०० विशेष दाखले ठेवलेले आहेत. त्यात गाडी ज्या वर्षाच्या गाडीसारखी दिसते ते वर्ष, किंवा इंजिनाचे वर्ष, धूरतपासणीसाठी धरता येते. कायदासुद्धा ‘सारखी दिसते’ असे म्हणतो, ‘ती आहे’ असे म्हणत नाही. शहाणपणाचा शब्द आहे तो.

आपला राजवाडा १९८४ साली जळाला आणि या शतकात विटा, चुना, लाकूड लावून त्याचा जळका भाग पुन्हा उभा केला. नव्या भागाला कुणी नकली म्हणत नाही, कारण तो जुना असल्याचा दावा कुणी करीत नाही. कधी जळला, कधी बांधला, हे सांगूनच आपण पाहुण्याला आत नेतो. परमुलखात येऊन दोन-अडीचशे वर्षे राहिलेल्या आपल्या घरांचेही तसेच नाही का? मूळ गावचे दार, इथला उंबरा, आणि मधल्या पिढ्यांनी घातलेली ठिगळे. खरेपणा सामानात नसतो, हिशेब उघडा ठेवण्यात असतो.

भाच्याला मी तीन गोष्टी सांगितल्या. जुनी बॉडी सांगोपांग असेल, किंवा ती दुरुस्त करण्याइतका हात आणि सवड तुझ्यापाशी असेल, तर पोलाद घे, ते शिकवील. गाडी रस्त्यावर काढून चालवायची, पोराबाळांना घेऊन हिंडायचे, तर काच घे. पण जाड घे, आतून पोलादी आधार असलेली घे आणि उन्हात मुरू दे. आणि काही घेतलेस तरी पहिल्या भेटीत विचारणाऱ्याला त्याने विचारण्याआधीच सांग, की ही काय आहे. त्याने काच घेतली. शेतावरची ती गंजकी बॉडी एका पत्रेकाम जाणणाऱ्याने नेली, आणि ती योग्य हाती पडली असे मला वाटते.