टॅब की स्पेस? पायथनमधली न दिसणारी चूक



पायथन शिकणारं मूल कधीतरी रडवेलं होऊन म्हणतं, "सगळं बरोबर आहे, तरी प्रोग्रॅम चालत नाही!" आपण पाहतो तर ओळी अगदी सरळ रेषेत. अशा वेळी "नीट बघ" म्हणून ओरडू नका. ही चूक डोळ्यांना दिसतच नाही.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, म्हणजे इंडेंटेशन, शोभेसाठी नसते. 'इफ'च्या आत कोणत्या ओळी येतात, हे त्यावरूनच ठरते. ही जागा स्पेसने सोडता येते किंवा टॅबने. एक स्पेस म्हणजे एक घर. टॅब हे मात्र एकच अक्षर. ते ४ घरं रुंद दिसावं की ८, हे एडिटर ठरवतो.

समजा, मुलाने 'इफ'खालची पहिली ओळ ४ स्पेस सोडून लिहिली आणि दुसरी ओळ मित्राच्या फाइलमधून टॅबसकट चिकटवली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतील, पण पायथन ३ 'टॅबएरर' देऊन थांबेल.

उपाय (व्हीएस कोडमध्ये)

१. सेटिंग्जमध्ये 'रेंडर व्हाइटस्पेस' शोधून 'ऑल' निवडा. स्पेसच्या जागी ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसतील.

२. खालच्या पट्टीवर 'स्पेसेस' किंवा 'टॅब साइझ' लिहिलेलं असतं. तिथे क्लिक करून 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' निवडा.

३. त्याच यादीतला 'इंडेंट युझिंग स्पेसेस' हा पर्याय वेगळा आहे. तो फक्त यापुढच्या टायपिंगला लागू होतो, जुन्या ओळी तशाच राहतात. गोंधळ होतो तो इथेच!

४. शेवटी प्रत्येक ओळ योग्य 'इफ'खाली आहे ना, हे मुलालाच तपासायला सांगा.

"फॉर्मॅटर आहे की!" असं कुणी म्हणेल. 'ब्लॅक' हा पायथनचा फॉर्मॅटर नेहमी ४ स्पेसच वापरतो. पेप ८ या शैलीपत्रकाचीही तीच शिफारस आहे. पण टॅब-स्पेसची अशी सरमिसळ असेल, तर तोही फाइल नाकारतो. कोणती ओळ कुणाच्या आत, हे त्याला कसं कळणार? म्हणून सेटिंग आधी, फॉर्मॅटर नंतर.

वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्या संगणकांवर ४ स्पेस ठरवून टाका. नाहीतर विचार बरोबर असलेलं मूल "मला प्रोग्रॅमिंग जमत नाही" असं समजून बसतं, तेही एका न दिसणाऱ्या अक्षरापायी.