कापडी लंगोट की ‘हगीज’? आधी हिशोब, मग खरेदी



गटातल्या कुणाच्या घरी बाळंतीण आली की मासिक बैठकीत हा प्रश्न निघतोच. बाळाला बाजारातले हगीज लावायचे की कापडी? सासूबाई म्हणतात, “आमची पोरं काय हगीजवर वाढली का?” सूनबाई म्हणते, “रात्रभर उठून दुपटी कोण बदलणार?” आणि बाळाचे बाबा म्हणतात, मोबाईलवर नवीन कापडी डायपर बघितले, लई पैसे वाचतात म्हणे.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण खरं किती वाचतं हे वाद घालून कळत नाही, त्याला वही-पेन लागतं. गटाचा हिशोब आपण रुपया-रुपयाने लिहितो. मग दोन वर्षं चालणाऱ्या या खर्चाचा का लिहू नये?

हगीज हे खरं तर एका ब्रँडचं नाव. आपल्याकडे मात्र वापरून फेकायच्या सगळ्याच डायपरला हगीज म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे त्याला ‘फेकायचा डायपर’ म्हणूया.

कापडीतही दोन प्रकार

पहिला प्रकार आपला जुनाच. मऊ सुती साडीची किंवा मलमलची बाळुती, लंगोट आणि खाली मेणकापड. ते कसं बांधायचं हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा नवीन कापडी डायपर. बाहेरून पाणी न झिरपणारं कव्हर, बाळ वाढेल तसं सैल-घट्ट करायला टिचबटणं आणि आत शू शोषून घेणारं जाड पॅड. पॅड बाहेर काढून धुवायचं, वाळवायचं, पुन्हा लावायचं. बाळुतीपेक्षा गळती कमी, पण एकेक नग महाग.

दोन वर्षांचा हिशोब

खालचे भाव मी हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील. महिना ३० दिवसांचा धरला आहे.

*पहिली रीत : दिवसरात्र फेकायचे डायपर*
एक डायपर १२ रुपये. पहिल्या वर्षी दिवसाला ५ लागले तर महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये.
दुसऱ्या वर्षी दिवसाला ४ लागले तर महिन्याला १,४४० आणि वर्षाला १७,२८० रुपये.
दोन वर्षांचे एकूण : ३८,८८० रुपये.

*दुसरी रीत : दिवसा नवीन कापडी, रात्री एक फेकायचा*
१२ कापडी डायपर, ४०० रुपयांप्रमाणे : ४,८००
१२ जादा पॅड, ८० रुपयांप्रमाणे : ९६०
मध्येच इलास्टिक सैल होतं, पॅड विरतात, त्याच्या बदलीला : १,०००
पावडर आणि मोटरची लाईट, महिन्याला १५० : ३,६००
रात्रीचा एक डायपर, महिन्याला ३६० : ८,६४०
दोन वर्षांचे एकूण : १९,००० रुपये.

*तिसरी रीत : दिवसा बाळुती, रात्री एक फेकायचा*
मलमलचं कापड : ९०० (जुन्या सुती साड्या असतील तर हेही वाचले)
मेणकापड : ३००
पावडर आणि लाईट, अंथरूण-पांघरूण जास्त भिजतं म्हणून महिन्याला २०० : ४,८००
रात्रीचा एक डायपर : ८,६४०
दोन वर्षांचे एकूण : १४,६४० रुपये.

म्हणजे पहिल्या रीतीपेक्षा दुसरीत १९,८८० आणि तिसरीत २४,२४० रुपये कमी लागतात. गटात महिन्याला २०० रुपये बचत भरणाऱ्या ताईने बघावं, १,८०० रुपये म्हणजे तिची नऊ महिन्यांची बचत. एका महिन्यात ती कचऱ्यात जाते. सुटे सुटे घेतो म्हणून जाणवत नाही. दुकानात रोज ‘दोन द्या, चार द्या’ होतं आणि थेंबे थेंबे तळं साचतं, फक्त ते आपल्या बाजूने साचत नाही.

भाव बघताना एक करा. पाकिटाची किंमत बघू नका, पाकिटातल्या नगांनी भागून एका डायपरची किंमत काढा. बाळ वाढलं की मोठा साईज लागतो आणि तेवढ्याच पैशांत नग कमी येतात. लहान साईजचं मोठं पाकीट स्वस्त दिसलं म्हणून भरून ठेवू नका, बाळ त्यातून बघता बघता बाहेर पडतं. बाळाच्या डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, म्हणून हिशोबाला जुनी पावती न घेता आजचा भाव घ्या. बारा रुपयांच्या डायपरमागे हा फरक साधारण पाऊण रुपयाचा. तेवढ्याने वरचं चित्र पालटत नाही.

कापडी घेऊनही पैसे कधी वाचत नाहीत?

दुसऱ्या रीतीत सुरुवातीलाच ५,७६० रुपये जातात. रोजचे ६० रुपये वाचतात आणि रात्रीचा डायपर १२ व धुण्याचे ५ मिळून १७ खर्च होतात. म्हणजे रोज ४३ रुपये सुटतात. ५,७६० वसूल व्हायला १३४ दिवस, म्हणजे साडेचार महिने लागतात. दोन महिन्यांत कंटाळा आला, डायपर पेटीत गेले आणि पुन्हा दुकानाची वाट धरली, तर तोटा. त्याहून मोठा तोटा म्हणजे कापडी घेतले आणि फेकायचेही पहिल्याइतकेच चालू. हा नुसता दुप्पट खर्च.

म्हणून एकदम डझन मागवू नका आणि त्यासाठी गटातून कर्ज तर मुळीच उचलू नका. आधी दोन घ्या. पंधरा दिवस वापरा. बाळाच्या मांडीला काचतात का, गळतात का, आपल्या पाण्यात नीट निघतात का, वाळायला किती वेळ लागतो, हे बघा. जमलं तर दर महिन्याला दोन-तीन वाढवा. दुसरं बाळ झालं की सुरुवातीचा बराचसा खर्च पुन्हा नाही. जावेकडे, नणंदेकडे जुने असतील तर ते घेऊन स्वच्छ धुवून, कडक उन्हात वाळवून वापरता येतात, तिथेही पैसे वाचतात.

हिशोबात न दिसणारा आकडा

आता खरी गोष्ट. दुसऱ्या रीतीत वाचलेले १९,८८० रुपये दोन वर्षांच्या दिवसांनी भागा. दिवसाला २७-२८ रुपये येतात. तिसऱ्या रीतीत ३३-३४. आणि त्यासाठी रोज साधारण तासभर धुणं, पिळणं, वाळत घालणं, घड्या करणं. म्हणजे ‘कापडी स्वस्त पडतं’ याचा अर्थ घरातली एक बाई तासाला तीस रुपयांच्या आसपास मजुरीवर काम करते, आणि ती मजुरी तिच्या हातात येतच नाही.

आपल्या यवतला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. पिठलं-भाकरीचा बेत ठरला की किती पीठ आणि किती बेसन याच्याबरोबर भाकरी थापायला किती हात लागतील हेही मोजतो. पिठलं स्वस्त असतं, पण ते हातांशिवाय होत नाही. बाळुत्यांचंही तसंच आहे.

त्यामुळे घरी बसून हे तीन प्रश्न विचारा:

१. धुणार कोण? ओली बाळंतीण वाकून बादलीभर कपडे पिळत असेल तर ती बचत नाही, तिची कंबर खर्च होते आहे. पहिले दीड-दोन महिने धुणं दुसऱ्याने घ्यावं. बाळाच्या बाबांनाही पिळता येतं आणि दोरीवर घालता येतं.

२. त्या तासात ती काय कमावू शकते? शिवणकाम, खुरपणीची मजुरी, दुधाचा धंदा यात तासाला पन्नास-साठ मिळत असतील आणि धुणं तिच्या एकटीवरच असेल, तर फेकायचे डायपर वापरणं ही उधळपट्टी नाही. तिला कुणी नावं ठेवू नयेत.

३. वाचलेले पैसे कुठे गेले? दुसऱ्या रीतीत ते महिन्याला सव्वाआठशेच्या आसपास होतात. ते किराण्यात नाहीतर कुणाच्या रिचार्जमध्ये विरले तर वाचले असं कसं म्हणायचं? खर्च वसूल झाला की त्यातले निदान तीन-चारशे आईच्या नावाने गटात जादा बचत म्हणून भरा. बचत ती, जी पासबुकात दिसते.

पाणी आणि धुणं

उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी आलं, बोअर आटली किंवा गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर उतरलेल्या कुटुंबासारखं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागलं, तर कापडीचा हिशोब बदलतो. पाणी विकत घ्यावं लागत असेल तर तो खर्च धुण्यात धरा. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही, पावडर जास्त जाते, तीही धरा.

धुण्याची सोपी पद्धत अशी. शी आधी संडासात टाकायची. कापड लगेच गार पाण्यातून काढायचं, मग साबण. पावडर बेताचीच वापरा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, कारण कापडात राहिलेला साबण बाळाच्या कातडीला चावतो. वास येणारं मऊ करायचं लिक्विड वापरू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. शक्यतो उन्हात वाळवा. शूची कापडं दिवसभराची साठवून एकदम धुतली तर पाणी आणि वेळ दोन्ही वाचतं. पावसाळ्यात जाड पॅड दोन दिवस ओलं राहतं, तेव्हा पातळ बाळुती बरी. ओलसर कापड बाळाला बांधायचं नाही.

डायपर कुठलाही असो, शी झाली की लगेच आणि नुसती शू असेल तरी दिवसा तीन-चार तासांत बदला. ‘अजून भरला नाही, महागाचा आहे’ म्हणून ठेवला की जागा लाल होते आणि वाचवलेले बारा रुपये मलमात जातात. लाली दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, फोड आले किंवा ताप आला, तर आशाताईंना दाखवून दवाखाना गाठा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या आज्यांकडे आहे. बाळाची मान धरली की झोपून उठल्यावर, दूध पिऊन झाल्यावर दोन पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करायचं. बाळाला सवय लागते, दिवसाची दोन-तीन कापडं कमी होतात. याला एक रुपया लागत नाही.

फेकलेला डायपर जातो कुठे?

पहिल्या रीतीने एका बाळाचे दोन वर्षांत ३,२४० डायपर होतात. फक्त रात्री वापरला तर ७२०. डायपरच्या आत पाणी धरून फुगणारी रासायनिक पावडर असते आणि बाहेर प्लास्टिक. ते मातीत लवकर कुजत नाही. संडासात टाकला तर फुगून तुंबतो. शेकोटीत जाळला तर प्लास्टिकचा धूर आपल्याच घरात येतो. आणि खडकवासल्याच्या कालव्यात टाकला तर तेच पाणी पुढच्या गावाच्या शेतात जातं.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांत वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने यासाठी लाल ठिपक्याची पद्धत आणली. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. आपणही शी संडासात टाकून, डायपर कागदात बांधून, लाल ठिपका काढून घंटागाडीला वेगळा देऊ शकतो. जिथे गाडी येत नाही तिथल्या ताईंनी ग्रामसभेत हा विषय मांडावा.

मग करायचं काय?

बहुतेक घरांना जमेल असा मधला रस्ता म्हणजे दिवसा घरी बाळुती किंवा कापडी. रात्री, प्रवासात, दवाखान्यात आणि सतत पाऊस असेल तेव्हा फेकायचा. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, तुमचा आकडा तुम्ही काढा.

आजपासून सात दिवस वहीत चार रकाने करा : किती डायपर लागले, एकाची किंमत काय, धुण्यात किती वेळ गेला, आणि धुतलं कोणी. आठव्या दिवशी बेरीज करून तीसने गुणा, सातने भागा, महिन्याचा खर्च आणि महिन्याचे तास समोर येतील. शेवटचा रकाना घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ती वही पुढच्या मासिक बैठकीला घेऊन या, दोन-तीन घरांचे आकडे शेजारी ठेवून बघूया.