हा शब्द चालेल का?

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे डबे निम्म्यावर आले, की घरोघरी बैठे खेळ बाहेर निघतात. पत्ते आणि कॅरम यांच्या जोडीला बऱ्याच सुशिक्षित घरांत आता स्क्रॅबलचा पटही असतो. खेळ दिसायला मोठा सोज्वळ, परंतु पत्त्यांत होत नाहीत इतकी भांडणे यात होतात, आणि बहुतेक एकाच प्रश्नावरून : "हा शब्द चालेल का?" आजोबा मान हलवतात, नातू हट्टाला पेटतो आणि मराठी शिकवणारा माणूस म्हणून पंचाची जागा मला देण्यात येते. खेळ इंग्रजी खरा, पण खटला आपल्याही भाषेचा आहे.

या खेळाचा जन्मच मुळी रोजच्या भाषेतून झाला. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पकाचे काम सुटले. रिकाम्या वेळात त्याने वर्तमानपत्राची पाने पुढ्यात घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याची शिरगणती केली आणि त्यावरून अक्षरांची संख्या व गुण ठरविले. म्हणून शंभर सोंगट्यांत 'ई' बारा वेळा भेटते आणि एकच गुण देते. 'झेड' मात्र एकुलते एक, आणि त्याचे गुण दहा. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले.

अक्षरे मोजता आली, शब्द कोण मोजणार? घरोघरी वेगळा कोश, म्हणून घरोघरी वेगळा न्याय. शेवटी १९७८ मध्ये अमेरिकेत या खेळासाठी स्वतंत्र कोश निघाला. भांडण मिटावे म्हणून काढलेला हा कोश पुढे स्वतःच भांडणाचा विषय झाला, ही त्यातली मौज!

अमेरिकन तरुण पिझ्झाला लाडाने नुसते 'झा' म्हणतात. २००६ पासून तिकडच्या स्पर्धांत हा शब्द चालू लागला. दोन अक्षरांत अकरा गुण! जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली. २०११ मध्ये ब्रिटनच्या कॉलिन्स यादीत 'इनिट' आला. "इझन्ट इट"चे हे गल्लीतले रूप. २०१४ मध्ये अमेरिकन कोशात 'सेल्फी' आली आणि २०१८ मध्ये चक्क 'ओके'. प्रत्येक वेळी ओरड एकच : भाषा बुडाली!

आता गंमत पाहा. याच कॉलिन्सच्या यादीत 'झो' हा शब्द आहे. तिबेटाकडचे याक आणि गाय यांच्या संकराचे ते जनावर. 'सी' आणि 'एच' एवढ्या दोनच अक्षरांचाही एक शब्द आहे. इंग्लंडातील खेडूत एके काळी 'मी' या अर्थी तो वापरीत. या शब्दांवर कोणी हरकत घेत नाही. ज्याने जन्मात झो पाहिला नाही तो गृहस्थ तो शब्द निःशंकपणे मांडतो आणि नातवाच्या तोंडी रोज असलेल्या शब्दाला मात्र "हा शब्दच नव्हे" म्हणतो! कालच्या शेतकऱ्याची बोली आज विद्वत्ता ठरते आणि आजच्या पोराची बोली उनाडकी. माझ्या मते हा न्याय नव्हे, ही केवळ वयाची ज्येष्ठता झाली.

हरकत घेणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे नाही. असले शब्द अल्पायुषी असतात. आज जिभेवर, उद्या विस्मृतीत. शिवाय भाषेच्या कोशाला एक सोय असते : शब्द घ्यावा आणि पुढे 'ग्राम्य' असा शेरा मारावा. खेळाच्या यादीला ती सोय नाही. तिथे शब्द एक तर आहे, नाही तर नाही. म्हणून यादी करणाऱ्याने घाई करू नये, शब्द चार वर्षे छापून येऊ द्यावा, हे मला मान्य आहे. पण तो टिकला, की दार उघडले पाहिजे.

आपल्या 'बिनधास्त'चेच पाहा. धास्ती नाही तो बिनधास्त. घडण किती चोख! एके काळी नाक्यावरचा म्हणून ओळखला जाणारा हा शब्द आज अग्रलेखातही बसतो. मोल्सवर्थने कँडी बंधूंच्या साहाय्याने १८३१ मध्ये आपला मराठी कोश काढला, तेव्हा पोथीतल्या शब्दांबरोबर लोकांच्या तोंडचे शब्दही वेचले. म्हणून तर तो आजही हाताशी ठेवावा लागतो. "हा शब्दच नव्हे" हे वाक्य मला फार जड वाटते, ते याचमुळे. वर्गात एखादा मुलगा 'लई' म्हणतो आणि बाकीचे हसतात, तेव्हा ते एका शब्दाला हसत नाहीत. त्याच्या आईच्या बोलीला हसतात. असा मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडत नाही.

मात्र अनौपचारिक शब्द वेगळा आणि अपमान करणारा वेगळा. जातीवरून, वंशावरून माणसाला हिणवणारे शब्द खेळात असावेत काय, हा वाद १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत गाजला आणि घरगुती कोशातून असे शब्द वगळले गेले. २०२० मध्ये तिथल्या स्पर्धांच्या यादीतूनही ते काढण्यात आले. "आम्ही अर्थाशी नव्हे, अक्षरांशी खेळतो," असा बचाव काही खेळाडूंनी केला. मला तो पटत नाही. खेळणारा अर्थ विसरेल. ज्याने तो शब्द अंगावर झेलला, तो कसा विसरेल?

तेव्हा घरच्या पटासाठी माझा निकाल असा. पहिली सोंगटी मांडण्यापूर्वी कोणता कोश मानायचा ते ठरवावे. डाव रंगात आल्यावर नव्हे. त्यात असेल तो बोलीतला शब्द खुशाल चालू द्यावा. स्पर्धेत अर्थ विचारीत नाहीत. घरी मात्र जरूर विचारावा. नातवाने आजीला 'झा' म्हणजे काय ते सांगावे आणि आजोबांनी नातवाला 'झो' कसा दिसतो ते सांगावे. गुण कोणाला किती मिळाले, हे भाऊबीजेपर्यंत कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. शब्द मात्र दोघांपाशीही राहतील.