चिडवू नका, सोबत करा!

मुलांनो, आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळताना भांडण झालं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "जा रे, दारुड्याच्या पोरा!" तो पोरगा चार दिवस शाळेतच आला नाही. सांगा बरं, त्याचा काय गुन्हा?

आणि त्याच्या वडिलांचं काय? अरे, व्यसन हा आजार आहे. शरीराला दारूची सवय जडते. ती एकदम बंद केली, की हात थरथरतात, झोप उडते. म्हणून नुसती शपथ पुरत नाही. डॉक्टर लागतात, आणि धीर देणारी माणसंही.

हे ओळखूनच डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. तिथं व्यसनातून सुटलेली माणसंच नव्यांना आधार देतात. "मीपण यातून गेलोय," हे ऐकलं, की माणसाची मान वर होते.

लाज वाटली की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला आजार वाढतो. तुमच्या वर्गात असा दोस्त असेल, तर डबा खायला त्याला शेजारी बसवा. बसवाल ना?